आता पाणीच म्हणता, तर...

मी एक जुनी लाळ आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. रेणापूरजवळच्या एका गावात नागाबाई राहतात, त्यांच्या तोंडात माझा मुक्काम. तोही त्यांना पहिला दात फुटला त्याच्या आधीपासून. जुनी असले तरी शिळी नाही, रोज नव्याने तयार होते.

कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली माझ्या ग्रंथी आहेत. त्या रक्तातून पाणी आणि क्षार घेतात, त्यात थोडा बुळबुळीतपणा आणि पाचक रस मिसळतात आणि बारीक नळ्यांतून मला तोंडात सोडतात. ज्वारीची भाकरी दाताखाली आली की मी धावते. कोरडा घास भिजवते, त्याची चव जिभेला कळवते आणि पिठाची साखर करायला घेते. म्हणून तर नुसती भाकरी चावत राहिलात की गोड लागते. पचनाची सुरुवात मी करते, नाव मात्र पोटाचे होते.

माझे कौतुक कोणी केले नाही. ओघळले तर लाळ, टाकले तर थुंकी. नागाबाईंनी तर मिसरी लावून मला वर्षानुवर्षे उकिरड्यावर टाकले. तरी मी आपली हजर.

दिवाळीनंतर त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना उडाली. सून अयोध्या जीव लावणारी. ती भाकरी दुधात भिजवून मिक्सरमधून काढायची आणि वरून पाणी पाजायची. आजारी माणसाला आंबट नको म्हणून चिंच आणि ताकही बंद. चावणे नाही, आंबट नाही, मग ग्रंथींना जागे कोणी करायचे? मी आटत गेले. कोरड्या तोंडात अन्न बेचव लागे, घशाशी अडे. नागाबाई वाळत चालल्या. "खाणं वाढलं नाही तर लातूरला भरती करावं लागेल," असे डॉक्टरांनी सांगितले. असून नसल्यासारखी मी, फार वाईट वाटले.

एवढ्यात येळवस आली. त्या अमावस्येला आमच्याकडे अख्खे घर शेतात जेवते. नागाबाईंनाही गाडीत बसवून नेले, सोबत डब्यात पातळ पेज. शेतात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पूजा झाली आणि अयोध्याने भज्जीच्या पातेल्यावरचे झाकण काढले. हिरवे हरभरे, तुरीचे दाणे, पालेभाज्या आणि चिंचेचा कोळ. शेजारी आंबिलीचे मडके. वास नाकात शिरला, मेंदूने निरोप धाडला, कानापुढे गोड कळ उठली आणि मी आले.

"अयोध्या, तोंडाला पानी सुटलं बघ."

"आंबट हाय ते, आत्याबाई. डाक्टरनं न्हाई म्हणलंय."

"डाक्टर कवा म्हणला? तूच म्हणायलीस. वाढ."

अयोध्याने भीत भीत बाजरीचा वाफवलेला उंडा आणि भज्जी वाढली. नागाबाई सावकाश चावू लागल्या. मी प्रत्येक घासाला पुरून उरले. घास सरळ खाली उतरला, मागोमाग दुसरा. पाण्याचा तांब्या अयोध्याच्या हातात तसाच राहिला आणि तिचे डोळे भरून आले.

"आणिक वाढ," नागाबाई म्हणाल्या.

जेवण झाल्यावर सवयीने त्यांनी मिसरीची डबी काढली. थोडा वेळ हातात धरून बसल्या, मग न उघडताच कमरेला खोचली.

मित्रांनो, घास नीट चावा, मला वाटेवर टाकू नका. ज्या मुलखात पाण्यासाठी घागरींच्या रांगा लागतात, तिथे भुकेच्या वेळी तुम्ही मला पाणी म्हणता. याहून मोठा मान कोणता? आता पाणीच म्हणता, तर सांडू नका.