अर्ध्या जिन्यात

तिच्या घरी सतत काही ना काही खोक्यांतून येत असे, म्हणून अख्खी इमारत तिला खोकेबाई म्हणायची. ती वर्तमानपत्रात नवनव्या यंत्रांवर सदर लिहीत असे. मीठ जास्त झालं की लुकलुकणारा चमचा, बंद करायला हात पुढे केला की पलंगाखाली पळून जाणारं गजराचं घड्याळ, मांजराच्या मनातलं सांगतो म्हणणारा गळपट्टा. अशा वस्तू कंपन्या तिला पाठवायच्या आणि ती घरात वापरून त्यांचं खरंखोटं करायची. चमचा तर तिने एका जेवणातच परत पाठवला. "घरात टोमणे मारायला माणसं आहेत, चमचा कशाला?" असं तिने छापून टाकलं होतं.

घरात ती, तिचा नवरा आणि सासरे. सासरे आयुष्यभर फुटबॉलचे पंच होते. निवृत्त झाले तरी पंचगिरी सुटली नव्हती. नवरा-बायकोचं भांडण असो की शेजाऱ्यांची कुरबुर, निकाल द्यायला बाबा हजर. पण ज्या गुडघ्यांनी त्यांना मैदानभर पळवलं, त्यांनीच शेवटी दगा दिला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, मी पाठीवर घेऊन खाली नेतो," तर बाबा कडाडले, "मी काय बटाट्याचं पोतं आहे?" त्यानंतर बापलेकांत कितीतरी दिवस अबोला होता. बाबांनी खुर्ची खिडकीशी ओढून घेतली ती घेतलीच. जग म्हणजे समोरचा रस्ता आणि कोपऱ्यावरचा बाक, तेही वरून दिसेल तेवढं.

आणि एक दिवस खोक्यातून ते पाय आले.

मांडीला आणि पोटरीला आवळायचे पट्टे, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या दांड्या, त्यांत छोटी मोटर, कमरेला बॅटरी. माणसाने पाऊल उचलायचा नुसता विचार केला की यंत्र गुडघ्याला जोर द्यायचं. बाबांनी आधी नाक मुरडलं. मग "बघू तरी" म्हणून बांधले. थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती, तर मागून आवाज आला, "सूनबाई, चहा मी टाकू का?" ती वळली. बाबा दारात उभे होते. काठी नाही, भिंतीला हात नाही. तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

कंपनीने बजावलं होतं की पहिला आठवडा फक्त सपाट जमीन, जिना मुळीच नाही. पण संपादकांचा फोन आला. "खोलीत काय, रांगणारं मूलही चालतं. मला जिन्याचा व्हिडिओ हवा. उद्याच हवा."

"बाबा, जिना सध्या नको म्हणतात," ती म्हणाली खरी, पण तिच्या आवाजात दम नव्हता. बाबा तर आधीच बूट चढवून बसले होते.

"जन्मभर दुसऱ्यांना नियम शिकवले. आज एक मोडू दे मला," ते म्हणाले. "त्या कोपऱ्यावरच्या बाकावर बसायचंय. बस, एवढंच."

नाही म्हणायला हवं होतं. पण व्हिडिओ तिलाही हवा होता. तिने फोन हातात घेतला आणि पुढे झाली.

पहिला जिना लोण्यासारखा गेला. ती खालून चित्रण करत उलटी उतरत होती. बाबा एका हाताने कठडा धरून पायरी पायरी येत होते, तोंडावर लहान मुलासारखं हसू. दुसरा मजला गेला. आणि पुढच्या जिन्याच्या मधोमध, उजवा पाय खालच्या पायरीवर टेकला, डावा वरच्या पायरीवर वाकलेला, अशा अवस्थेत कमरेची बॅटरी गोड आवाजात बोलली, "नवी सुधारणा बसवत आहोत. कृपया हालचाल करू नका."

दोन्ही गुडघे खटकन आवळले गेले.

"हे काय आता?" बाबा म्हणाले. त्यांनी पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय हलला नाही, पण धड पुढे झुकलं. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा गच्च पकडला.

"बाबा, हलू नका!" ती झेपावली आणि तिने त्यांच्या छातीला हात लावला.

"मी कुठे हलतोय? हेच हलू देत नाही."

तिने वाकून पट्ट्याची कळ दाबली. उघडेना. माणूस उभा असताना पट्टा सुटून तो पडू नये म्हणून वजन असेपर्यंत कळा बंदच राहत. हे तिनेच कालच्या टिपणात 'उत्तम सोय' म्हणून लिहून ठेवलं होतं. कंपनीला फोन लावला. आधी संगीत वाजलं, मग यंत्र विचारू लागलं की आपण समाधानी ग्राहक आहात का. शेवटी एक मुलगी बोलली.

"मॅडम, घाबरू नका. त्यांना खाली बसवा, पट्टे आपोआप सुटतील."

"अहो, बसायला गुडघे वाकायला नकोत का?"

पलीकडची मुलगी चाचरत म्हणाली, "मग... पायांवरचा भार काढावा लागेल. सगळा. मी वरिष्ठांना विचारते, फोन ठेवू नका."

आणि फोन कटला.

बाबांच्या बोटांची पेरं आता पांढरी पडली होती. कपाळावरून घाम वाहत डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. पडले असते तर सरळ तोंडावर, पाय त्या धातूच्या सांगाड्यात अडकलेले. नवरा कामावर होता, त्याला पोचायला वेळ लागणार. ती ओरडली, "कोणी आहे का?"

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दार उघडून आल्या. जिन्यात खोकी ठेवण्यावरून त्यांचं आणि तिचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. पण समोरचं बघून त्यांनी एक शब्दही वाकडा काढला नाही. "काय करू, तेवढं सांग," म्हणाल्या.

"काकू, मी बाबांना पाठीवर घेते. भार सुटला की तुम्ही पट्टे उघडा."

"वेडी आहेस?" बाबा ओरडले. "तू मोडशील. दोघंही खाली जाऊ. थांब, येईल कोणीतरी."

"तुमचे हात थांबतील का बाबा?"

तिने खालच्या पायरीवर जाऊन त्यांच्याकडे पाठ केली, दोन्ही हातांनी कठडा धरला, पाय रोवले. "टाका अंगावर."

"सूनबाई..."

"बाबा, मला पोतंच समजा पाहिजे तर. पण टाका."

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मानेवर फक्त त्यांचा गरम श्वास लागत होता. मग एक हात कठड्यावरून सुटला आणि तिच्या खांद्यावर आला. मग दुसरा. आणि एकदम सगळं वजन आलं. तिचे गुडघे लचकले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली पायऱ्या विहिरीसारख्या खोल दिसत होत्या. ती आणखी वाकली, तेव्हा बाबांचे बूट पायरीवरून सुटले.

खट. "एक सुटला!" काकू म्हणाल्या. खट. "हा पण! धर गं, धर पोरी!"

तिचा कठड्यावरचा हात घामाने निसटला. दोघंही पुढे गेले. तिने खांदा भिंतीवर आपटून तोल सावरला. कातडं सोलवटलं, पण स्वतःचे पाय पायरीवरून सुटू दिले नाहीत. बाबा कानाशी पुटपुटत होते, "सोड, पोरी, सोड मला." ती दात आवळून म्हणाली, "बोलू नका. जड होताय."

शेवटची कळ सुटली. सांगाडा धडधडत पायऱ्यांवरून खाली गेला आणि तळाशी जाऊन गोड आवाजात म्हणाला, "सुधारणा पूर्ण झाली."

काकूंनी बाबांना मागून धरलं, दोघींनी मिळून त्यांना पायरीवर बसवलं. बाबा आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. तिने आपले दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली. "मला व्हिडिओ हवा होता."

"मला बाक हवा होता," बाबा म्हणाले. "दोघांनाही पिवळं कार्ड." मग त्यांनी तिचा सोललेला खांदा पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "लागलं का गं फार?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

काकूंनी पाणी आणलं. "आता वर न्यायचं ना?" त्यांनी विचारलं.

बाबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. "वर गेलो तर पुन्हा कधी उतरणार नाही मी," ते म्हणाले. मग बसल्या जागीच पुढच्या पायरीवर सरकले. मग आणखी एका. पँटची वाट लागली. ती एक पायरी खाली राहून प्रत्येक वेळी हात पुढे करायची आणि बाबा तो धरायचे.

संध्याकाळी नवऱ्याने बाबांना वर आणलं आणि रात्री दोघांनाही नाही नाही ते बोलून घेतलं. दोघांनी खाली मान घालून ऐकलं. तिने सदरात सगळं लिहिलं, स्वतःची हावसुद्धा न लपवता. संपादक कुरकुरले, पण छापलं. कंपनीने खोकं परत मागवलं आणि पुढे जाहीर केलं की पाय अंगावर असताना ते आता सुधारणा बसवणार नाहीत.

पण त्या दुपारी हे सगळं अजून व्हायचं होतं. त्या दुपारी बाबा तिच्या हाताच्या आधाराने कोपऱ्यापर्यंत आले होते आणि ती दोघं बाकावर बसली होती. समोरून सायकली जात होत्या. बाबा एकेक सायकल मान वळवून बघत होते. मग हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी माझ्या लेकालाही बोलव. एकट्या तुझ्या पाठीवर नको."