मोठ्या डॉक्टरांची उजळणी

नाश्त्याच्या ताटल्या उचलल्या की त्या घरात उजळणी सुरू व्हायची. सासरे चष्मा पुसून खुर्चीत ताठ बसत आणि म्हणत, "हं, विचार सूनबाई. दयामाया नको."

म्हाताऱ्या डॉक्टरांना इस्पितळात काम चालू ठेवायचं तर दरवर्षी तोंडी परीक्षा द्यावी लागे. ती आता तोंडावर आली होती. सूनही त्याच इस्पितळात डॉक्टर होती, आणि एके काळी त्यांचीच विद्यार्थिनी. त्यामुळे परीक्षक घरातच सापडली होती.

"पेशंट तापाने फणफणलाय, रक्तदाब खाली गेलाय, असंबद्ध बोलतोय."

"रक्ताचा नमुना घ्यायचा आणि लगेच अँटिबायोटिक. रिपोर्टची वाट बघत बसलं तर रिपोर्ट येतो आणि पेशंट जातो."

"सकाळी सकाळी काय अभद्र बोलता हो!" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"तुझ्या चहाचीही वाटच बघतोय. बघू, आधी चहा येतो की मी जातो."

सून हसली. "बरेच दिवस अंथरुणात पडून. एक पाय सुजलेला. अचानक धाप लागली."

"पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली. संशय दाट असेल आणि कुठे रक्त वाहत नसेल, तर स्कॅनच्या आधीच इंजेक्शन." मग त्यांनी टेबलावर बोटांनी एक अडखळता ठेका वाजवला. "आणि हे कसले ठोके?"

"बाबा, परीक्षा तुमची आहे, माझी नाही."

दुसरे शिक्षक फळ्यावर रेषा काढून हृदयाचे ठोके शिकवत. सासरे टेबल वाजवून शिकवायचे. सून त्यातूनच शिकली होती. म्हणूनच पुढचा प्रश्न तिने शेवटी ठेवला होता.

"साठीचा माणूस. ठोके बेताल, म्हणून रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी कायमची चालू. आता लघवीला जळजळ आणि ताप. काय द्याल?"

"सल्फाची गोळी. एकदम सोपं विचारायला लागलीस की!"

काल संध्याकाळी औषधाच्या दुकानातून तिला फोन आला होता. "मॅडम, मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे, पण जरा विचारावंसं वाटलं." ओळखीचा शिंपी काउंटरशी उभा होता, आणि चिठ्ठीत हेच औषध होतं. तिने ते बदलायला लावलं. गर्दी होती, दमले असतील, हात चुकला असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. हात चुकला की डोकं, हेच तिला आज बघायचं होतं.

"आणखी काही बघाल का, बाबा?"

"आणखी काय बघायचं?"

"नाही, म्हणजे... आधीची गोळी चालूच आहे ना. त्या दोन औषधांचं..."

"त्यांचं एकमेकांशी पटत नाही. रक्त नको तेवढं पातळ होतं. माणूस आतल्या आत रक्त जाऊन दगावतो."

"बघा! येतंय की सगळं. परीक्षेत तुम्ही..."

"परीक्षेत तू शेजारी बसणार आहेस?" त्यांचा आवाज बदलला होता. "पेशंट मला अशी आठवण करून देणार आहे?"

ते तिच्याकडे बघतच राहिले.

"हा तो शिंपी ना? घेतली त्याने गोळी?"

"नाही. दुकानातून फोन आला होता. मी औषध बदललं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सून म्हणून गप्प बसलीस, समजू शकतो. आता डॉक्टर म्हणून सांग. इस्पितळात डॉक्टरच्या खुर्चीत मी बसावं का?"

सासूबाई हात पुसत दारात येऊन उभ्या होत्या. काहीतरी सांभाळून घे गं, असं त्यांचा चेहरा म्हणत होता. सांभाळून घेणं अवघड नव्हतं. आजवर सासऱ्यांनी तिचं कितीतरी सांभाळून घेतलं होतं.

"नका बसू, बाबा," ती म्हणाली.

सासूबाई आत वळल्या. नळ जोरात वाहू लागला.

"शिंप्याला परत बोलावलंयस?"

"आज. रक्त किती पातळ आहे ते तपासायला."

"मग मीही येतो. चिठ्ठी माझी होती, माफी तू कशाला मागायची?"

इस्पितळात त्यांनी शिंप्याला काहीही न लपवता सगळं सांगितलं. तो बिचारा त्यांच्यापेक्षा जास्त ओशाळला. "अहो, चालायचंच साहेब. माझ्याकडूनही कधी बाही उलटी लागते."

"बाही उसवता येते," सासरे म्हणाले.

त्यांनी आपली खुर्ची सुनेपुढे सरकवली. ती उभीच राहिली.

"बस. पेशंट ताटकळलाय."

ती बसली. शिंप्याचं मनगट हातात घेऊन तिने विचारलं, "कुठे काळंनिळं पडलंय? हिरड्यांतून रक्त?" सासरे भिंतीकडेच्या, नातेवाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसले होते. एकदा पुढे वाकून ते काहीतरी बोलायला गेले. मग मागे टेकले, आणि तिचं विचारून होईपर्यंत एक अक्षरही बोलले नाहीत.