चारशेचं कार्ड

दिंद्रुडचा कापडवाला बसवराज तसा गिऱ्हाइकाला पाणी पाजणारा माणूस. पण नव्व्याण्णव साली घरात कॉम्प्युटर आणला, तेव्हा स्वतःच फसला. चित्रं दिसत होती, आवाज मात्र नाही. साउंड कार्ड म्हणे वेगळं घ्यावं लागतं! म्हणजे गाडी विकायची आणि चाकं मागाहून सांगायची.

आवाज हवा होता त्याच्या आईला, गंगासागरबाईंना. तिच्याकडं एक कॅसेट होती, ती हल्ली टेपमध्ये अडकून गुंडाळायला लागली होती. तुटायच्या आत कॉम्प्युटरात भरून ठेव, एवढंच तिचं मागणं. चार वर्षांत लेकाकडं तिनं मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

कॅसेट होती चार वर्षांपूर्वी बसवराजचे वडील, आप्पा, वारले त्या दिवसाच्या भजनाची. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. आंघोळ घालतात, विभूती लावतात, तळहातावर इष्टलिंग ठेवून मांडी घालून बसवतात, आणि तसंच बसलेलं मातीत देतात. आप्पाही ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, समोर भजन चाललं होतं. बहीण कावेरी वेळेत पोचणार नव्हती, म्हणून बसवराजनं तिच्यासाठी टेप आप्पांच्या गुडघ्याशी ठेवून बटण दाबलं. दुपारी आईनं नवऱ्याच्या नाकाशी हात नेला आणि म्हणाली, "बाळा, श्वास हाय रे."

डॉक्टर सकाळीच नाडी बघून, मान हलवून गेले होते. शेतात खड्डा तयार होता आणि दिवस कलत होता. "आई, भास हाय त्यो," बसवराज म्हणाला, आणि बायकांनी तिला आत नेलं. तेव्हापासून ती लेकाशी कामापुरतंच बोलायची. वाढू का, पाणी देऊ का, संपलं. ते त्याला लई खुपायचं.

तर कॅसेट आणि जुना टेप पिशवीत घालून तो माजलगावला गहिनीनाथच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला.

"नुसती गाणी ऐकायला काय लागतंय, शेठ?" गहिनीनाथनं दोन कार्डं पुढं टाकली. "हे नवं, चारशेचं. नायतर हे नऊशेचं, वापरलेलं हाय, पन एका स्टुडिओतनं निघालंय. आदी ऐका, मंग बोला."

टेपची वायर त्यानं चारशेच्या कार्डात खोचली. भजन वाजलं, पण सगळ्यावर सूंऽऽ आवाज, शेजारी स्टो पेटल्यासारखा. "चालतंय की," बसवराज म्हणाला. पण गहिनीनाथ कसला ऐकतोय! त्यानं दुसरं कार्ड बसवलं.

अबब, काय साफ आवाज! टाळ वेगळे, गळे वेगळे, कोण सुराला चुकतंय तेही कळत होतं. कडवं संपलं, मंडळी क्षणभर थांबली, आणि त्या खंडात अगदी जवळून श्वास ऐकू आला. ओढून घेतलेला, शेवटाला बारीक शीळ. मग बराच वेळ काही नाही. पुढच्या कडव्याच्या शेवटी पुन्हा तोच. ही शीळ बसवराजनं लहानपणापासून दर हिवाळ्यात ऐकली होती.

"टेपला खेटूनच कुनीतरी बसलंय बघा," गहिनीनाथ म्हणाला. "दमा हाय बिचाऱ्याला. कोन हाय?"

"पावना हाय एक," बसवराज कसंबसं बोलला. त्यानं टेपचं बटण दाबून भजन बंद केलं.

"मंग हेच घ्या. दोनशे कमी करतो."

"न्हाई. चारशेचं बांध."

"कावून? एवढं साफ ऐकू येतंय!"

"चारशेचंच दे म्हनलं ना."

गहिनीनाथनं त्याला चिक्कू म्हणून सोडून दिलं. म्हणू दे बापडा.

कार्ड बसवून कॅसेट कॉम्प्युटरात भरली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर भजन लागलं. आई स्पीकरला कान लावून, डोळे मिटून बसली. शेवटपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "टेपवर तुझ्या आप्पांचा श्वास ऐकू यायचा मला. याच्यात येत न्हाई." तिनं लेकाकडं सरळ पाहिलं. "दुकानात लावलंस तवा आला व्हता का रे?"

हो म्हटलं असतं तर आई खरी ठरली असती. आणि आपण बापाला जित्ता पुरला, हेही खरं ठरलं असतं.

"न्हाई, आई," तो म्हणाला.

ती हळूच म्हणाली, "मंग माझाच भास. आन मी चार वर्सं तुझ्यावर डूख धरून बसले, लेकरा." तिनं त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, तिथंच चटईवर कलंडली आणि बघता बघता झोपली. किती दिवसांनी तिला अशी गाढ झोप लागली होती.

भजन कधीच संपलं होतं. स्पीकर नुसता सूंऽऽ करत होता. बसवराजनं उठून प्लग उपसला. खोलीत आता आईचा संथ श्वास तेवढा उरला. आणि भिंतीच्या बाजूनं दुसरा, ओढून घेतलेला, शेवटाला बारीक शीळ.

तो आईकडं वळला. तुला ऐकू येतंय का, असं तिला उठवून विचारायची सोय त्यानं ठेवली नव्हती.