सर्वांत आधी जागा होणारा

मित्रांनो, अंध मुलांची पुस्तके छापणाऱ्या यंत्रात राहणारा मी एक जुना बूटलोडर आहे. बूटलोडर म्हणजे बटण दाबताच सर्वांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम. छपाईचा मोठा प्रोग्रॅम साठवणीतून उचलायचा, त्याचे तुकडे स्मृतीत जागच्या जागी मांडायचे आणि कारभार त्याच्या हाती सोपवायचा, एवढेच माझे काम. मग कागदावर ठिपके उमटू लागतात आणि मला कोणी विचारत नाही. त्याचे मला वाईटही वाटत नाही.

मला एका ताईने घडवले. तिने मला एकाच बांधणीचे प्रोग्रॅम ओळखायला शिकवले होते. तेवढ्यावर कित्येक वर्षे निभावले. मग गणिताची सगळी चिन्हे छापू शकणारा नवा प्रोग्रॅम आला, पण त्याची बांधणी वेगळी. मी पडद्यावर ‘अनोळखी’ असे लिहून गप्प बसलो.

दुरुस्तीवाला म्हणाला, “मावशी, द्या आता हे भंगारात.”

छपाई सांभाळणाऱ्या मावशी उसळल्या. “तुझं काय जातंय रे! परीक्षा तोंडावर आली. पोरींनी गणित म्हणून काय, तुझ्या टकलावरून बोटं फिरवायची?”

त्यांनी ताईला बोलावले. तिने मला नवी बांधणी शिकवली: कोणता तुकडा कुठे ठेवायचा हे प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच लिहिलेले असते, ते वाचायचे आणि तसे करायचे. मी तसेच केले. एक तुकडा स्मृतीत नेमका मी बसलो होतो त्याच जागेवर ठेवायचा होता. तोही ठेवला आणि अर्ध्या कामात स्वतःच पुसला गेलो! पडदा काळा झाला. साठवणीतली माझी मूळ प्रत शाबूत होती, म्हणून वाचलो.

ताईला हसू आवरेना. “मावशी, सतरंजी घालता घालता हा स्वतःच तिच्याखाली गेला बघा!”

“मग त्याला आधी बाजूला व्हायला सांग ना,” मावशी म्हणाल्या.

ताईने तेच केले. आता मी जागा होताच आधी आपले बिऱ्हाड स्मृतीच्या दुसऱ्या टोकाला हलवतो आणि मग मांडामांड करतो. जुनी बांधणीही तिने माझ्याकडून पुसली नाही. गोष्टींची पुस्तके अजून जुन्याच प्रोग्रॅमवर निघतात.

गणिताचे पहिले पान निघाले, तेव्हा एका मुलीने त्यावर बोटे फिरवली आणि ती ओरडलीच, “मावशी, वर्गमुळाचं चिन्ह आलं!” दुरुस्तीवाला टोपी घालून हळूच निघून गेला.

मित्रांनो, एखादे जुने यंत्र नव्याला ओळखत नसेल, तर त्याला भंगार म्हणण्याआधी एवढेच विचारा: त्याला कोणी शिकवून पाहिले आहे का?

उद्या सकाळी मावशी बटण दाबतील. मी सर्वांत आधी जागा होईन, बिऱ्हाड हलवीन, सगळ्यांना जागेवर बसवीन आणि पहिला ठिपका उमटायच्या आत बाजूला झालेला असेन.