वेरेश्चाक सरांचे तीन

लेओकादियाबाईंनी लाल पेन्सिल उचलली आणि चौथ्या ओळीवर आडवी काट मारली. काट इतकी जोरात होती की खालच्या कागदावरही तिचा वळ उमटला.

"हे कुणी सांगितलं तुला?"

गेरार्ड पाव्लित्साने मान पुढे करून पाहिलं. त्यानेच लिहिलं होतं : ‘युद्धकाळात गुप्तपणे चालणाऱ्या वर्गांतून सर्व परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण.’

"कुणी नाही, बाई. असणारच ना तसं."

"असणारच! पंचावन्न वर्षांचा घोडा झालास, विभागप्रमुख झालास, आणि असणारच म्हणून आकडे लिहितोस?"

गेरार्ड ओशाळं हसला. बाईंची बोलणी खायची त्याला जुनी सवय होती आणि आज तर तो ती खायलाच आला होता. शुक्रवारी व्रोत्स्वाफच्या त्यांच्या विद्यापीठात बाईंच्या डॉक्टरेटचं नूतनीकरण होतं. पदवीला पन्नास वर्षं झाली आणि माणूस त्या पदवीला जागला असला, तर विद्यापीठ ती समारंभाने पुन्हा बहाल करतं. गौरवाचं भाषण गेरार्डनेच करावं असं बाईंनी कळवलं, त्या दिवसापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. भाषण चौदा पानांचं झालं होतं. गिरणीवाल्याची मुलगी, युद्धानंतर दुधाच्या कॅनमधून हाताने बनवलेला उष्णतामापक, एक द्रव दुसऱ्यात मिसळला की उष्णता किती निघते याची तीस वर्षं घेतलेली मोजमापं, आणि ते आकडे आज जगभरच्या कोष्टकांत. वाचताना त्याचाच ऊर भरून येत होता.

"मग कुठे कमी होते, बाई?"

"भौतिक रसायनात. तीन."

गेरार्डने चहाचा ग्लास खाली ठेवला. पाच म्हणजे उत्तम, दोन म्हणजे नापास. तीन म्हणजे मानगूट धरून उंबरठ्याच्या आत ढकललेला. आणि बाईंना, ज्यांचं अख्खं आयुष्य भौतिक रसायनात गेलं त्यांना, तीन?

"बाई, विद्यापीठाचे रेक्टर असणार, बाहेरचे पाहुणे असणार. एवढी ओळ गाळून टाकू. कुणाला कळणार आहे?"

"गाळ की. मी घरी बसून खसखशीचा केक खाईन. तुम्ही करा समारंभ."

त्या खरंच आल्या नसत्या. बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली.

"त्रेचाळीस साल. वॉर्सात माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात परीक्षा झाली. जर्मनांनी विद्यापीठ बंद केलेलं. वेरेश्चाक सर कोटाच्या अस्तरात थर्मामीटर लपवून घेऊन आले. गुण तोंडी सांगितले, कागदावर काही नाही. कागद सापडला असता तर सरांसकट मावशीलाही भिंतीशी उभं केलं असतं. पुढच्या वर्षी जर्मनांविरुद्धच्या उठावात सर गेले. झालं. माझ्या परीक्षेला साक्षीदार उरला नाही."

"मग मान्य कशी झाली?"

"पंचेचाळीसमध्ये वूच शहरात समिती बसली. आमच्यासारख्यांचं ऐकायचं, खरं वाटलं तर नोंद द्यायची. नाहीतर पहिल्यापासून शिका. मला ते परवडण्यातलं नव्हतं. वडील गेलेले, पाठच्या दोन बहिणी. नोंद मिळाली नसती तर मी कुठल्यातरी कापडगिरणीत लागले असते. माझ्यापुढे सहा जण होते. सहाच्या सहा म्हणाले, वेरेश्चाक सरांनी आम्हाला पाच दिले."

"आणि तुम्ही तीन म्हणालात?"

"दिले होते तेवढेच सांगणार ना. समितीतल्या गृहस्थांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. तीन का, म्हणाले. मी सांगितलं, थर्मामीटर वाचायच्या आधी टिचकी मारली नाही म्हणून. बारीक नळीत पारा अडकतो. सरांनी पेन्सिलीने ठक ठक केलं, पारा शतांशभर वर सरकला. म्हणाले, गेले तुमचे दोन गुण."

बाहेर ट्राम वळणावर करकरत गेली.

"त्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, मी अकरा वर्षं वेरेश्चाकांचा साहाय्यक होतो, त्यांनी कुणाला पाच दिलेले मला माहीत नाहीत. नोंद हातात ठेवली आणि त्या सहाजणांना परत आत बोलावलं." बाईंनी कागद गेरार्डकडे सरकवला. "सरांची कबर नाही, गेरार्ड. प्रयोगशाळा जळली, पुस्तकाचं हस्तलिखित जळलं. त्यांच्या हातचं आता एवढंच उरलंय, माझे तीन. मी पदकं कपाटात ठेवलीत, पण मिरवते ते हे तीन. त्यांचे तू पाच केलेस तर ते सरांचे राहणार नाहीत."

गेरार्डने काट मारलेल्या ओळीच्या वर लिहिलं : तीन. मग पेन हातात तसंच धरून बसून राहिला.

त्याच्या घशात तेहेतीस वर्षं एक गोष्ट अडकली होती. बाईंनी त्यालाही याच विषयात तीनच दिले होते. घरी त्याने चार सांगितले. आधी आईला, मग होणाऱ्या सासऱ्यांना, मग उर्सुलाला. उर्सुला तर पाहुण्यांना वाढता वाढता सांगायची, लेओकादियाबाई चार कुणाला देत नाहीत, आमच्या ह्यांना दिले. आता ते चार मागे घ्यायचे तरी कुठून?

"बाई, मला तीन का दिले होतेत?"

"विचारायला बराच वेळ लावलास." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "सहासष्टचा जून. तुम्ही चौघं एका टेबलाला होतात. त्या दिवशी मी मुद्दाम चुकीचं दाखवणारा थर्मामीटर ठेवला होता. कोणाचंच उत्तर बरोबर येणं शक्य नव्हतं. चौघांचंही आलं. कोष्टकातलं, माझंच."

गेरार्डचे कान तापले.

"एकेकाला आत घेऊन विचारलं, हा आकडा तुम्ही स्वतः वाचलात का? तिघे छातीठोकपणे हो म्हणाले. तू टोमॅटोसारखा लाल झालास. म्हणालास, नाही बाई, मी वेगळा वाचला होता, मला वाटलं माझंच चुकलं. त्या तिघांना दोन दिले. तुला तीन. आणि त्याच संध्याकाळी साहाय्यकाच्या जागेसाठी तुझं नाव पाठवलं."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"वेरेश्चाक सर कुठे बोलायचे?"

मग बाईंनी उरलेली पानं वाचून काढली. कुठेही काट मारली नाही. शेवटच्या पानावर मात्र जरा रेंगाळल्या, पेन्सिलीचं टोक कागदावर ठक ठक वाजवलं आणि गठ्ठा त्याच्या हातात दिला.

"बरं लिहितोस. शुक्रवारी टाय नीट बांधून ये."

ट्राममध्ये बसल्यावर गेरार्डने शेवटचं पान उघडलं. तिथे त्याचं वाक्य होतं : ‘याच विषयात मला स्वतःला बाईंकडून चार गुण मिळाले, याचा मला आजही अभिमान आहे.’ बाईंनी काही खोडलं नव्हतं. ‘चार’ या शब्दापाशी फक्त दोन लाल ठिपके होते. उतरायचा थांबा मागे गेला तरी तो ते पाहत बसला होता.

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं. झग्यात आणि टोपीत बाई आणखीच लहान दिसत होत्या. उर्सुला दुसऱ्या रांगेत, शेजारी डीनची बायको.

"भौतिक रसायन : तीन," गेरार्डने वाचलं. "परीक्षक, प्राध्यापक वेरेश्चाक."

सभागृहात कुजबुज झाली. रेक्टरांनी आपल्या हातातला कागद उलटसुलट करून पाहिला. बाई मात्र पदकासाठी नाव पुकारलं जावं तशा ताठ बसल्या. मग गेरार्डने वूचची हकीकत सांगितली, आणि कुजबुज थांबली. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं.

चौदावं पान आलं.

"याच विषयात मला स्वतःला बाईंकडून," असं म्हणून गेरार्ड थांबला.

उर्सुलाने डीनच्या बायकोला कोपराने ढोसलं. पुढे काय येणार हे तिला पाठ होतं.

"तीन मिळाले," गेरार्ड म्हणाला. "तेहेतीस वर्षं मी लोकांना चार सांगत आलो. घरीसुद्धा. का मिळाले ते मला या आठवड्यात कळलं. आज सांगतो, तीन मिळाले, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो."

उर्सुलाचं कोपर होतं तिथेच राहिलं. तिने पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं.

व्यासपीठावर लेओकादियाबाईंनी खुर्चीच्या हातावर बोटाने दोनदा टिचकी मारली. मग मान वर करून, पारा स्थिरावला का ते पाहावं तशा, त्या गेरार्डकडे बघत राहिल्या.