शांत दिसणारा आकडा

"मग ही रेघ मधीच खाली का पडली?" रामकिसननं लॅपटॉपवर बोट टेकवलं. "निवांत झालं वाटतं सगळं."

"तसं वाटतं, पप्पा. तिथंच फसायला होतं."

अपेक्षा एम.एस्सी.ला होती. अवकाशयानांनी पाठवलेली मोजणी तपासायचं काम कॉलेजातल्या बाईंनी तिच्याकडे दिलं होतं. सूर्याकडून येणारा कणांचा झोत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अंधाऱ्या बाजूला ओढत नेतो, त्याची लांब शेपटी होते, आणि ती ताणून तुटली की तिच्यातले कण भयंकर वेगानं पृथ्वीकडे फेकले जातात, हे तिनं त्याला चहा पिता पिता सांगितलं होतं. त्याला एवढंच कळलं होतं, की जे यायचं ते पाठीमागून येतं.

"कण फारच झाले की यंत्र गुदमरतं. मोजायचं राहून जातं, आणि आकडा पडतो."

"म्हंजी माझ्यासारखंच. राबणं जास्त, हजेरी कमी."

ती हसली. मग तिची नजर त्याच्या बोटावर थांबली. टोकाची कातडी सोलली होती, नख काळवंडलं होतं.

"तुमचा बॅज काय दाखवतो, पप्पा?"

बोईसरच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये तो वेल्ड केलेल्या पाइपांचे किरणांनी एक्स-रेसारखे फोटो काढायचा. अंगाला किती किरण लागले ते छातीवरच्या बॅजवर उमटतं. जास्त उमटलं तर कामावर घेत नाहीत. म्हणून सगळेच बॅज डब्याच्या पिशवीत टाकून पिशवी फाटकाजवळच्या बाभळीला अडकवायचे आणि मग आत जायचे.

"कोरा. कायम कोरा. साहेब म्हणतो, रामकिसन लई जपून काम करतो."

"आणि असतो कुठं तो?"

रामकिसननं खिळ्यावरच्या पिशवीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. अपेक्षानं लॅपटॉप मिटला.

सकाळी तिनं स्वतः बॅज त्याच्या खिशाला लावला.

"काढू नका."

"आन् काम गेलं तर?"

चिमटा घट्ट बसलाय ना, तेवढं तिनं पाहिलं.

फाटकाशी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कैलासनं बॅज पिशवीत टाकून ती बाभळीला अडकवली. रामकिसनचा हात सवयीनं खिशाकडे गेला. चिमटा उघडेना. आपण तो दाबतोय की नुसतेच चाचपतोय, हेच बोटांना कळत नव्हतं.

"काका, देऊ का काढून?" कैलास हसला. "म्हातारं झालात आता!"

रामकिसननं बोटं डोळ्यांसमोर धरली.

"नको. राहू दे."

पिशवी तेवढी फांदीला अडकवून तो छातीवरच्या बॅजसकट आत गेला. मागं बाभळीवर बाकीच्यांच्या पिशव्या वाऱ्यानं हलत राहिल्या.