घरातलं एक माणूस

"पुढच्या वेळी घरातलं एक माणूस घेऊन या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही."

पोटाचं ऑपरेशन करून वजन उतरवायचं, तर नंतर कित्येक महिने खाण्यापिण्यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी सोबत हवं, असा त्यांचा नियम होता. मी मान हलवली. घरात माझ्याशिवाय एकच माणूस होतं, बाबा, आणि आई गेल्यापासून ते इस्पितळाच्या रस्त्यानेही जात नव्हते.

आई पित्ताचे खडे काढायला गेली होती. साधं ऑपरेशन. जाताना फक्त केसांचा कंगवा आणि एक जादा साडी घेतली होती, कारण लगेच परत यायचं होतं. चूक कुणाचीच नव्हती, असं सगळ्यांनी सांगितलं. ते खरंही असावं. पण त्या खरेपणाचं करायचं काय, हे आम्हा दोघांना अजून कळलेलं नाही.

आमचं रद्दीचं गोदाम आहे. बाबा वजन करतात, मी माल निवडते आणि हिशेब बघते. चांगली पुस्तकं आली की गठ्ठ्यात जाण्याआधी बाजूला काढते. माझं बहुतेक वाचन किलोच्या भावानं झालेलं आहे. बाबांना सांगायचं ते मी तिथेच सांगितलं, वर्तमानपत्रं बांधताना, म्हणजे दोघांचेही डोळे सुतळीवर राहतील.

"कसलं ऑपरेशन?"

"जठर लहान करतात. मग खाणं कमी जातं."

"पोट म्हणजे काय शर्ट आहे, बाजूनं टाके मारून आत घ्यायला?"

गठ्ठे उचलणारा पैलवान हसला. काडीसारखा माणूस, हे नाव आईनं ठेवलेलं. "ताई, जे निघेल ते माझ्यात भरा. दोघांचंही काम होईल."

"तू गठ्ठा उचल," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "चालायला जा. गोड बंद कर. संपला विषय."

चालायला मी गेले होते, गुडघे नको म्हणेपर्यंत. गोड बंद केलं होतं. मावशीनं फोनवरून सांगितलेलं कोमट पाणी प्यायले होते, पोटावर पट्टाही बांधला होता. वजन उतरायचं आणि परत यायचं, हक्काच्या पाहुण्यासारखं, येताना आणखी कुणाला तरी सोबत घेऊन. आता साखर वाढली होती, आणि आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून मी उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. हे सगळं पुन्हा बोलून दाखवायचा मला कंटाळा आला होता. मी गाठ मारली आणि पुढचा गठ्ठा ओढला.

नंतर एकदा जुन्या मासिकांच्या ढिगाशी खाली बसले आणि मला उठता येईना. हाताला धरायला काही नव्हतं. पैलवान एका बाजूला आला, बाबा दुसऱ्या.

"एक, दोन, हं, जोर लावा काका!"

"लावतोय रे, ओरडू नकोस."

उभी राहिले तेव्हा बाबांचे हात थरथरत होते. माझ्या ओझ्यानं, असं मला वाटलं. पैलवाननं या वेळी विनोद केला नाही, ते जास्त लागलं. संध्याकाळी कुलूप लावताना बाबा म्हणाले, "कधी जायचंय त्या बाईंकडे?"

इस्पितळात बाबा खुर्चीच्या कडेवर बसले, उठून पळता येईल असे. सिस्टरनं मला काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्यानं न वाचता लिहून घेतला. त्याबद्दल मी मनात तिचे आभार मानले. पण बाबांची नजर काट्यावरच जाते. जन्म त्यातच गेलाय.

"हा काटा चुकतोय," ते म्हणाले.

"काका, नवा आहे."

"नवेच जास्त चुकतात. एवढं वजन नाही तिचं. थांबा, दाखवतो." आणि त्यांनी चपला काढल्या.

मला माहीत होतं ते काय करणार. गोदाम उघडलं की पहिल्या गिऱ्हाइकाआधी बाबा स्वतः आमच्या काट्यावर उभे राहायचे. अठ्ठ्याहत्तर दिसलं की काटा बरोबर. वर्षानुवर्षं तेच. गिऱ्हाइकांनाही पाठ होतं. कुणी कुरकुर केली की बाबा चपला काढून काट्यावर चढायचे आणि भांडण मिटायचं. आई म्हणायची, "यांचं वजन आणि यांचा हट्ट, दोन्ही हलत नाहीत." ती गेल्यावर त्यांनी ते सोडलं. एवढं सगळं सुटलं होतं, त्यात हेही, म्हणून मी विचारलं नव्हतं.

काट्यावर सहासष्ट आलं.

"बघा!" बाबा जवळजवळ खूश झाले. "माझे अठ्ठ्याहत्तर असतात. बारा किलोंचा फरक! म्हटलं नव्हतं?"

सिस्टरनं आकड्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "काका, म्हणजे काटा बारा किलो कमी दाखवतोय. मग ताईंच्या वजनात बारा मिळवू का?"

एकच काटा एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी दाखवत नाही, हे बाबांना कुणी शिकवायला नको होतं. ते उतरले. चपला घालायला वाकले तेव्हा मला त्यांचा कमरेचा पट्टा दिसला. पोती शिवायच्या दाभणानं त्याला नवी भोकं पाडलेली होती, एकापुढे एक, आणि टोक लोंबत होतं. रोज समोर बसून जेवणारा माणूस. मला दिसला नव्हता.

आत डॉक्टरबाईंनी मला विचारायचं ते विचारलं आणि मग पेन बाबांकडे वळवलं. "तुमचं जेवण कसं आहे?"

"ही वाढते तेवढं जेवतो."

"नाही जेवत," मी म्हणाले. "अर्धं माझ्या ताटात सरकवतात."

"तुला भूक असते."

"टाकायचं नाही म्हणून खाते मी, बाबा."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

डॉक्टरबाईंनी आम्हाला थांबवलं नाही. स्वयंपाक किती जणांचा करता, असं त्यांनी मला हळूच विचारलं. हात अजून तिघांचंच घेतो. ते मला रोज कळतं, आणि रोज मी तेवढंच घेते.

"हिच्या ऑपरेशननंतर," त्या बाबांना म्हणाल्या, "ही वाटीभर सुद्धा खाणार नाही. तुमचं उरलेलं घ्यायला कुणी नसेल. वेळेवर तिला द्यायचं, आणि तुम्हीही नीट जेवायचं. जमेल? आजारी माणसाच्या भरवशावर मी हिला सोडू शकत नाही."

बाबा म्हणाले, "एक विचारू? यात माणूस जातं का?"

"क्वचित. पण जात नाही असं मी म्हणणार नाही."

"हिच्या आईच्या वेळी काही होत नाही म्हणाले होते."

"मी नाही म्हणणार."

मला वाटलं, आता ते उठतील. ते उठले नाहीत. "विचार करून सांगतो," म्हणाले. "पण तपासण्या तर होऊ देत."

बाहेर आलो तर बसथांब्यापर्यंत जातानाही मला दम लागला. वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर मी टेकले. बाबा शेजारी बसले. समोरून लोक आपापल्या कामाला जात होते, आणि मला त्यांच्या पायांचा हेवा वाटत होता.

"पुढची कसली तपासणी?" बाबांनी विचारलं.

"रक्ताची. उपाशीपोटी."

"मग मीही उपाशीच येतो. तुला सोबत."

"नाही. तुम्ही खाऊन यायचं. घरून निघायच्या आधी, माझ्यासमोर."

"तू उपाशी, आणि मी तुझ्यासमोर बसून खायचं?"

"हो."

"माझ्या घशाखाली उतरेल का?"

"हळूहळू उतरेल. मी बसते ना."

त्यांनी हो म्हटलं नाही. पायरीवरून उठले, आधी स्वतः भिंतीला हात लावून, आणि मग दुसरा हात माझ्यापुढे केला. मी तो धरला, पण भार टाकला नाही.